जैतून ठेचायचे दिवस

दहा-बारा दिवसांपूर्वी एका सकाळी एसी बंद केला. इथला ऋतू असा बदलतो. पान गळत नाही, मोहोर येत नाही, रस्त्याकडेची झाडं पाइपच्या पाण्यावर बारा महिने हिरवी. एक दिवस माणूस उठतो, बटण दाबतो, आणि एप्रिलपासून कानात बसलेली घरघर थांबते. मग कळतं की बिल्डिंगीत माणसं राहतात. कुणाचा कुकर वाजतो, कुणी खाकरतं, खालचा मल्याळी फोनवर बायकोची समजूत काढत असतो. खिडकी उघडली की हवा आत येते. धुळीची, डिझेलची, बेकरीतल्या गरम पावाची. शारजात माझं आयुष्य गेलं, पण हवा अंगाला लागते ती वर्षातले एवढेच चार महिने.

त्याच दुपारी दारावर काठी वाजली. बेल आहे, पण समोरचे उस्ताद बेल वाजवत नाहीत. दार उघडलं तर ते उभे आणि पायाशी हिरव्या जैतूनची पेटी. जैतून म्हणजे ऑलिव्ह. बोराएवढं, कच्चं, झाडाची पानं अजून मधे मधे अडकलेली.

"आले," एवढंच म्हणाले.

मी पेटी आत ओढली. माझी ही शेवटची पेटी. माझा मुलगा इरफान मार्चमध्ये बायकोपोरीला घेऊन कॅनडाला चाललाय. माझा व्हिसा त्याच्यावर. तो गेला की मला इथं राहता येत नाही. मी गावी जायचं, रत्नागिरीकडं, धाकट्या भावाच्या घरी, असं ठरलंय. गाव वाईट नाही, भाऊही वाईट नाही. पण इरफानची आई इथल्या कब्रस्तानात आहे. तिला व्हिसा लागत नाही. ती राहणार आणि मी जाणार. खाताना, नमाजला उभा राहिलो तरी, डोक्यात तेवढंच फिरतं.

उस्तादांना सगळे उस्तादच म्हणतात, कारण त्यांनी इथल्या शाळेत मुलांना अरबी शिकवलं. त्यांचे स्वतःचे लोक अबू खलील म्हणतात, खलीलचे वडील. मी दुबईतल्या ऊद मेथाच्या इंडियन स्कूलची बस चालवायचो. एक शिकवणारा, एक पोचवणारा. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दारं. ते फिलिस्तिनी, जेरुसलेमचे. ते त्या शहराला कुद्स म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली जातो, घरात कुणी झोपलेलं असावं तसा. आमचं बोलणं अर्धं अरबी, अर्धं हिंदी. माझं अरबी रस्त्यावरचं, यल्ला आणि खलासवालं, म्हणजे चला आणि संपलं. ते अजून माझ्या चुका सुधारतात. मी म्हणतो, उस्ताद, आता ह्या वयात मला कुठल्या परीक्षेला बसवताय.

पूर्वी हे दिवस आले की आमच्या दोन दारांमधली जागा बायकांची व्हायची. उस्तादांची बायको, उम्म खलील, आणि आमची ही. चटई टाकायच्या, मधे लाकडी पाट, दोघींच्या हातात एक एक गुळगुळीत दगड. जैतून पाटावर ठेवायचं आणि एकच घाव. साल फुटली पाहिजे, बी फुटता कामा नये. टक. टक. टक. मी दुपारच्या फेरीहून आलो की जिन्यातच तो आवाज ऐकू यायचा आणि वास यायचा. कापलेल्या गवताचा, थोडा कैरीच्या चिकासारखा. पायरीवरून वर जायला वाट नसायची. दोघींच्या बोटांना काळा डाग पडायचा तो कितीतरी दिवस जायचा नाही.

आमच्या हिला ते काम कुणी शिकवावं लागलं नाही. कैऱ्या, आवळे, करवंदं ह्यांत वाढलेली बाई. उम्म खलीलला अरबीशिवाय काही येत नव्हतं, आमच्या हिला आमच्या कोकणी बोलीशिवाय. तरी तासन् तास बोलायच्या. एकदा मी विचारलं, काय सांगत होती एवढं? म्हणाली, सुनेबद्दल सांगत होती. तुला काय कळलं? तर म्हणाली, सुनेबद्दल बोलताना बाईचं तोंड कसं होतं ते मला ठाऊक आहे, भाषा कशाला लागते.

उस्तादांच्या पुतणीकडून अम्मानमार्गे नव्या तेलाचा एक पत्र्याचा डबा दरवर्षी यायचा. पहिल्या वर्षी त्यातली बाटलीभर उम्म खलीलनं आम्हाला दिली. आमच्याकडं जैतूनचं तेल म्हणजे बाळाच्या मालिशचं, औषधाच्या दुकानात मिळतं ते. इरफान तेव्हा तान्हा होता. हिनं त्याला पायावर आडवा घेतला आणि कुद्सचं तेल त्याच्या टाळूवर, पाठीवर, पायांवर ओतलं. नेमकी उम्म खलील आत आली. बघतच राहिली. जे तेल ती थेंब मोजून पावावर घालायची ते आमच्या पोराच्या ढुंगणाला लागलं होतं. आम्हाला वाटलं आता भडकते. ती खाली बसली, हात पुढं केला, तळव्यावर तेल घेतलं आणि पोराचे पाय चोळायला लागली. काहीतरी गुणगुणत होती. इरफान मोठा झाल्यावर उस्ताद त्याला चिडवायचे, की तुझी कातडी आमच्या डोंगरावरची आहे, तू आमचा नागरिक आहेस. इरफान म्हणायचा, अंकल, पासपोर्ट दो. तेव्हा उस्ताद म्हणायचे, तेच तर नाही माझ्याकडं, बेटा, बाकी काय पाहिजे ते माग.

त्यांचं शहर कसं होतं ते मला नीट कळायला फार वर्षं लागली. मी नकाशा वाचणारा माणूस नाही. त्यांनी शेवटी जेवणाच्या टेबलावर पाव ठेवून मधे सुरी ठेवली. हे एकच शहर, म्हणाले. मी लहान होतो तेव्हा लढाई झाली आणि मधे तार आली. घर पावाच्या ह्या बाजूला. आम्ही दोन-चार दिवसांपुरते मामाकडं गेलो, ते त्या बाजूला. दोन-चार दिवसांचे कपडे घेऊन. परत जाता आलं नाही.

मामाचं घर चढावर होतं. गच्चीवरून समोर रेल्वे स्टेशन दिसायचं, स्टेशनामागं त्यांची गल्ली, आणि गल्लीत त्यांचं स्वतःचं घर. चालत गेलं तर पाणी उकळेपर्यंत पोचावं इतकं जवळ. मधे काटेरी तार, पडकी घरं, माणसाएवढं गवत आणि बंदुका. घरात दुसरे लोक राहायला आले. त्यांचे कपडे दोरीवर वाळत घातलेले दिसायचे. उस्तादांची आई रोज संध्याकाळी गच्चीवर जायची. घराकडं बघायची आणि बोलायची ते बरण्यांबद्दल. मागच्या हंगामात ठेचलेले जैतून तळघरात बरण्यांत भरून ठेवले होते. वरचं तेल कमी झालं की बुरशी धरते. कुणीतरी तेल ओतायला पाहिजे, म्हणायची. त्या घरातल्या बाईला माहीत असेल का, तेल ओतायला पाहिजे. एक वर्ष म्हणाली, दोन वर्षं म्हणाली. नंतर बरण्यांत काय उरलं असणार? तरी म्हणायची. पोरं हसायची तिला. उस्तादही हसायचे.

मी तोंडाळ आहे. विचारलं, रात्रीतून जाऊन आणायच्या बरण्या. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पाव खायला घेतला.

पुढं उस्ताद शिकून इकडं आले, नोकरीला. ते इकडं असतानाच दुसरी लढाई झाली. तार गेली, पण शहराची तीही बाजू गेली. नव्या सरकारनं घरोघर माणसं मोजली. जो त्या वेळी घरात सापडला तो शहराचा. उस्ताद शारजात वर्गात होते. झालं. ज्याच्या आजोबा-पणजोबांच्या कबरी तिथं, तो परका. एकदा जॉर्डनकडच्या पुलावर गेले होते, दिवसभर बाकड्यावर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी परत पाठवलं. पुन्हा गेले नाहीत. आई वारली तेव्हाही नाही.

पण आईला मात्र तार गेल्यावर रस्ता मोकळा झाला होता. ती गेली. तिच्या त्या घराकडं, मुलीला बरोबर घेऊन. ती बहीण नंतर अम्मानला आली तेव्हा तिनं उस्तादांना सांगितलं, आणि त्यांनी मला. दार एका बाईनं उघडलं. दोघींची भाषा वेगळी. त्या बाईला समजलं असावं, तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. आईनं बरण्यांचं विचारलं नाही. ती बघत होती दाराकडं. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला एक दगड लावला होता. तो तिचा जैतून ठेचायचा दगड. पाणी प्यायली, उठली आणि आली. बहिणीनं रस्त्यात विचारलं, मागितला का नाहीस, दिला असता तिनं. आई म्हणाली, दिला असता गं. पण माझाच दगड मी मागू कसा?

हे ऐकून आमची ही आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर आली तेव्हा सगळ्यांना चहा आणला, आणि उस्तादांच्या कपात साखर दुप्पट घातली होती.

मग उम्म खलील गेली. तिच्यामागं दोन्ही घरांचे जैतून आमची हीच ठेचायची, एकटी, चटईवर. मग दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये हीसुद्धा गेली. हृदय. कब्रस्तानातली वाळू चपलेतून भाजत होती. दफनाला इथं उशीर करत नाहीत आणि आपल्यातही करू नये म्हणतात. गावाला न्यायचं का, असं इरफाननं विचारलं होतं. मी नाही म्हटलं, तिनंच सांगून ठेवलं होतं की जिथं श्वास सुटेल तिथंच ठेवा, मला पेटीत घालून विमानात चढवू नका, मला विमानात मळमळतं. जनाज्याला उस्ताद नव्हते. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन ते अबुधाबीला मुलाकडं पडून होते. खलीलचं तिथंच मुसफ्फाला गॅरेज आहे. परत आले ते काठी घेऊन.

तोच मोसम माझ्या डोक्यातून जात नाही. एसी बंद झाले आणि घर इतकं शांत झालं की मी पुन्हा चालू केला. तिकडं उस्तादांच्या मुलखात लढाई पेटली होती. त्यांच्या घरात टीव्ही दिवसभर चालू, आवाज बंद करून. तेलाचा डबा आला नाही, रस्ते बंद. जैतून तेवढे आले, जॉर्डनचे, बाजारातून. सवयीनं उस्तादांनी पेटी उचलून घेतली, सवयीनं आमच्या दारात आणून ठेवली, काठी वाजवली. मी दार उघडलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पेटी कुणाकडं आणली. माझ्याही. आम्ही दोघं दारात उभे आणि मधे ते हिरवे जैतून. लिफ्टमधून कुणीतरी उतरलं, सलाम करून गेलं, तरी आम्ही तसेच.

"तुला येतं?" त्यांनी विचारलं.

मला काय येणार? पण पेटी परत कशी करायची? मी बसलो. तिचे हात आठवायला लागलो, आणि मला आठवले ते कैरीचं लोणचं घालणारे हात. तसंच केलं. ठेचले, मीठ लावलं, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, लाल तिखट, वर तेल गरम करून गार करून ओतलं. बरणीला फडकं बांधलं. मला माझाच अभिमान वाटला. आठवड्यानं उघडली. नात आयेशानं एक तोंडात घातलं आणि म्हणाली, "दादा, इट्स लाइक मेडिसिन." इरफाननं बेसिनमध्ये जाऊन थुंकलं. मी खाल्लं तर जीभ घशात ओढली गेली. जहर.

उस्तादांनी एक घेतलं. चावलं. गिळलं. डोळ्यांतून पाणी आलं. मग म्हणाले, "पाणी. पाण्यात ठेवायचे असतात आधी. रोज पाणी बदलायचं. कडूपणा पाण्यात जातो. तुझ्या बायकोनं शिकवलं नाही तुला?"

मी म्हटलं, तिनं मला ओट्याजवळ उभं केलं नाही कधी.

"मलाही नाही," ते म्हणाले.

आणि आम्ही हसायला लागलो. ऑगस्टनंतर मी पहिल्यांदाच हसलो असेन. सूनबाई, नसरीन, आतून बघायला आली की म्हाताऱ्यांना काय झालं. पुढं तो सबंध हिवाळा उस्ताद जेवताना त्यातलं एक खायचे, तोंड वाकडं करून. मी म्हटलं, माझ्यासाठी खाऊ नका. ते म्हणाले, तुझ्यासाठी कोण खातंय, जैतून फेकत नाहीत. कुणी म्हणेल ह्यात काहीतरी अर्थ आहे. काही नाही. पाणी बदललं नाही तर जैतून कडू राहतं, एवढंच.

ह्या वर्षी मला येतं. त्याच दुपारी पेटी उघडून आम्ही दोघं बसलो, खुर्च्यांवर, कारण खाली बसलो तर उठवायला माणूस लागेल. मी ठेचत होतो, ते देठं काढत होते. मी त्यांना मार्चचं सांगितलं. ह्याआधी सांगायचं धाडस झालं नव्हतं. सांगता सांगता माझा आवाज गेला.

त्यांनी देठं काढणं थांबवलं नाही. म्हणाले, तुला गाव आहे. तिकीट मिळतं. कुणी पुलावर अडवत नाही, घरात आपली माणसं आहेत, भाऊ स्टेशनवर घ्यायला येईल. आणि तू रडतोस. बायकांसारखा रडतोस.

मला चीड आली. मी दगड पाटावर ठेवला. म्हटलं, "उस्ताद, तुमचं घर लोकांनी घेतलं. तुम्ही त्यांना शिव्या देऊ शकता. तिला माझ्याकडून कोण घेतंय? कुणी नाही. मीच उठून चाललोय तिला वाळूत टाकून. मी कुणाला शिव्या देऊ?"

त्यांनी काठी शोधली आणि गेले. दार लोटून घेतलं, आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं. उरलेले मी एकट्यानं ठेचले, पाण्यात घातले. रोज सकाळी पाणी बदलायला उठायचो आणि समोरच्या दाराकडं बघायचो. म्हाताऱ्याचं बोलणं लागलं मला, आणि माझं त्याला. दोघांचंही खोटं नव्हतं. गावी जाणाऱ्या माणसाला दुःख कसलं, असं त्यांना वाटणारच. मलाही लहानपणी वाटायचं की घर म्हणजे चिरे, कौलं आणि मागं विहीर. आता गावाचं नाव काढलं की मला ते घर दिसतच नाही. दिसतो तो ह्या बिल्डिंगीतला तिसरा मजला, चटई आणि काळी बोटं. माणूस कुठला, ह्याचं उत्तर त्याच्या हातात नसतं बहुतेक. कुणाला कुठं पुरलंय ह्यावर ते ठरतं.

आज जुम्म्याच्या नमाजनंतर काठी वाजली. उस्ताद कपडे करून उभे, पांढरा पायघोळ डिशडाशा, खिशात जपमाळ. खाली खलीलची गाडी चालू होती.

"यल्ला," म्हणाले, "मला दाखव ती कुठं आहे."

मला कळायला वेळ लागला. जनाज्याला ते नव्हते, आणि नंतर गुडघ्यामुळं वाळूत चालता येत नाही म्हणून गेलेच नव्हते. खलीलनं गेटाशी सोडलं, तो गाडीतच थांबला. आम्ही दोघं चाललो. सगळ्या कबरी सारख्या. वाळूचा उंचवटा, डोक्याशी साधा दगड, नाव नाही, फूल नाही. आमच्या गावी कबरीवर सब्जा लावतात, वारा आला की वास येतो. इथं तसं नसतं. मला वाट पायांना पाठ आहे. भिंतीजवळच्या गाफच्या झाडापासून आत, मग लहान मुलांच्या कबरींच्या कडेनं. उस्ताद दर दहा पावलांवर थांबत होते, गुडघ्यासाठी, आणि वळून झाडाकडं बघत होते. मी समजलो, ते वाट लक्षात ठेवत होते.

तिच्यापाशी आल्यावर मी सांगितलं, ही.

त्यांनी सलाम केला. दम लागला होता. काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "माझी आई तिकडं कुद्सला, कोटाच्या भिंतीखाली आहे, पूर्वेच्या बाजूला. ती कबर मी बघितलेली नाही. मी स्वतःला सांगतो की जाता येता कुणीतरी तिला सलाम करत असेल. परकं कुणी. असं धरून चालावं लागतं. तू जा. मी इथं आहे. मला कुठं पाठवायचं म्हटलं तरी पाठवणार कुठं?"

 

मग त्यांनी हात पसरले दुवेसाठी आणि तसेच थांबले. माझ्याकडं वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना अवघडलेलं बघितलं. त्यांच्यात परक्या माणसाच्या बायकोचं नाव विचारत नाहीत, इरफानची आई म्हणतात. इतकी वर्षं एका दारात राहून त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"दुवेत नाव घ्यावं लागतं," म्हणाले. "तिचं आणि तिच्या आईचं."

आमच्यातही नवरा नाव घेत नाही. मी लग्नापासून तिला ऐकलंस का, एवढ्यावर बोलावलं. ती असती तर म्हणाली असती, आता, ह्या वयात, लोकांसमोर?

"अमीना," मी म्हटलं. "हलीमाची मुलगी, अमीना."

त्यांनी ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं. मग म्हणाले, "पुन्हा सांग. मी म्हातारा झालो, विसरेन."

मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी न विचारता मी आणखी एकदा.